विश्लेषण : हिपॅटायटिस ‘बी’च्या काही रुग्णांनाच यकृताचा कर्करोग का होतो? जनुकांचा वाटा किती?

एकाच घरातल्या दोन भावांना हिपॅटायटिस ‘बी’चा संसर्ग असतो. एकाची साठी उलटते तरी त्याला काही त्रास होत नाही. दुसऱ्याला पंचेचाळिशीतच यकृताच्या कर्करोगाचे निदान होते. अशा वेळी ‘त्यांच्या घराण्यातच आहे ते’ असे म्हणून नातेवाईक विषय संपवतात. पण घराण्यात आहे म्हणजे नेमके काय आहे? जनुके, विषाणू, की दोन्ही? याचे सर्वांत तपशीलवार उत्तर तैवानमधील अभ्यासांनी दिले आहे. ते उत्तर भारतातील रुग्णांच्या कुटुंबांनाही उपयोगी पडणारे आहे.

दीर्घकालीन हिपॅटायटिस म्हणजे काय?

हिपॅटायटिस म्हणजे यकृताचा दाह. त्याला कारणीभूत होणाऱ्या विषाणूंपैकी ‘ए’ आणि ‘ई’ दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतात आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. ‘बी’ आणि ‘सी’ यांचे तसे नाही. ते रक्तातून, दूषित सुईतून, असुरक्षित लैंगिक संबंधांतून किंवा प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाकडे जातात. एका ताटात जेवल्याने किंवा हात मिळवल्याने ते पसरत नाहीत. विषाणू सहा महिन्यांहून अधिक काळ शरीरात राहिला, की संसर्ग दीर्घकालीन मानला जातो.

अशा संसर्गात वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण दिसत नाही. डोळे पिवळे होत नाहीत, भूकही मंदावत नाही. त्यामुळे ‘मला कधी कावीळ झालीच नाही’ किंवा ‘लहानपणी झाली होती, ती उतरवून घेतली’ यावर विसंबून राहता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात २५ कोटी ४० लाख लोकांना हिपॅटायटिस ‘बी’चा आणि ५ कोटी लोकांना ‘सी’चा दीर्घकालीन संसर्ग होता. भारतातील आकडे अनुक्रमे २ कोटी ९८ लाख आणि ५५ लाख आहेत. यातील बहुसंख्य लोकांना आपल्याला संसर्ग आहे, हेच ठाऊक नाही.

कर्करोगाशी संबंध कसा सिद्ध झाला?

हिपॅटायटिस ‘बी’च्या विषाणूचा शोध १९६० च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ बरुच ब्लुमबर्ग यांच्या संशोधनातून लागला. त्यासाठी त्यांना १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. पण हा विषाणू कर्करोगाला कारणीभूत ठरतो का, याबद्दल बराच काळ वाद होता.

तो वाद मिटवला पामर बीस्ली यांच्या अभ्यासाने. त्यांनी तैवानमधील २२ हजार ७०७ पुरुष सरकारी कर्मचाऱ्यांचा काही वर्षे पाठपुरावा केला. १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विषाणू बाळगणाऱ्या पुरुषांना यकृताचा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या २२३ पट होता. आरोग्याच्या अभ्यासांत एखाद्या घटकामुळे धोका दुप्पट-तिप्पट झाला तरी तो मोठा मानतात. २२३ पट हा आकडा त्या मानाने फारच मोठा होता.

मग प्रत्येक रुग्णाला कर्करोग का होत नाही?

कारण विषाणू हा पहिला घटक असला, तरी एकमेव घटक नाही. तैवानमध्येच १९९१-९२ पासून ‘रिव्हील’ नावाचा अभ्यास सुरू झाला. साथरोगतज्ज्ञ चेन चिएन-जेन यांनी त्याचे नेतृत्व केले. हेच चेन पुढे तैवानचे उपाध्यक्ष आणि नंतर पंतप्रधान झाले. हिपॅटायटिस ‘बी’च्या ३,६५३ रुग्णांच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजून सरासरी ११ वर्षांहून अधिक काळ त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. ज्यांच्या रक्तात विषाणू जवळपास नव्हता, त्यांच्यात यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण १.३ टक्के निघाले. ज्यांच्या एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या दहा लाख किंवा त्याहून अधिक प्रती होत्या, त्यांच्यात ते १४.९ टक्के होते.

रक्तातील विषाणू जितका जास्त, तितका धोका जास्त, असे यातून स्पष्ट झाले. पण याच आकड्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. विषाणू सर्वाधिक असलेल्या गटातील सुमारे ८५ टक्के लोकांना त्या काळात कर्करोग झाला नाही. वय, पुरुष असणे, मद्यपान, मधुमेह आणि यकृत निबर होऊन सिरॉसिस होणे या कारणांनी फरकाचा काही भाग समजतो. उरलेला भाग शोधताना संशोधक कुटुंबाकडे वळले.

कुटुंबाचा इतिहास काय सांगतो?

‘रिव्हील’ प्रकल्पातील २२ हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासून २०१३ मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात लोकांचे चार गट केले होते : संसर्ग आहे की नाही आणि जवळच्या नात्यात कोणाला यकृताचा कर्करोग झाला आहे की नाही, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून.

संसर्गही नाही आणि घरात कर्करोगही नाही, अशांपैकी ०.६२ टक्के लोकांना पाठपुराव्याच्या काळात हा कर्करोग झाला. घरात कर्करोग आहे पण संसर्ग नाही, अशांमध्ये हे प्रमाण ०.६५ टक्के, म्हणजे जवळपास तेवढेच होते. संसर्ग आहे पण घरात कर्करोग नाही, त्यांच्यात ते ७.५ टक्के होते. संसर्ग आणि घरचा इतिहास दोन्ही असलेल्यांमध्ये ते १५.८ टक्क्यांवर गेले.

या चार आकड्यांत या विषयाचे सार आहे. विषाणू नसेल तर घरच्या इतिहासाने जवळपास काहीच फरक पडत नाही. विषाणू असेल तर तोच इतिहास धोका दुप्पट करतो. म्हणजे जे काही ‘घराण्यात’ आहे, ते एकटे फारसे काही करत नाही. विषाणूची साथ मिळाली की ते सक्रिय होते.

घराण्यात आहे म्हणजे जनुकांतच आहे का?

असे लगेच म्हणता येत नाही. कुटुंबात केवळ जनुके सामायिक नसतात. आईकडून सगळ्या भावंडांना एकाच वाणाचा विषाणू मिळालेला असू शकतो. संसर्ग कोणत्या वयात झाला यालाही महत्त्व आहे. जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के बाळांमध्ये तो कायमचा राहतो, तर निरोगी प्रौढांमध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. म्हणजे आईकडून संसर्ग झालेली भावंडे जन्मापासून विषाणूसोबत जगत असतात. शिवाय घरातले अन्न, पाणी, सवयी सारख्याच असतात.

त्यामुळे जनुकांचा वाटा वेगळा काढायचा, तर रुग्णांची जनुकेच वाचावी लागतात.

अशी जनुके शोधतात कशी?

माणसाच्या जनुकसंचात सुमारे तीन अब्ज ‘अक्षरे’ असतात. दोन माणसांची बहुतांश अक्षरे सारखी असतात, पण लाखो ठिकाणी एखाद्या अक्षराचा फरक असतो. बराचसा फरक निरुपद्रवी असतो. काही ठिकाणी मात्र एका अक्षराने एखादे प्रथिन थोडे वेगळे बनते किंवा कमी-जास्त प्रमाणात बनते.

संशोधक दोन गट घेतात. दोन्ही गटांना हिपॅटायटिस ‘बी’ असतो, पण एका गटाला कर्करोग झालेला असतो आणि दुसऱ्याला नसतो. मग दोन्हींतील लाखो अक्षरे ताडून पाहिली जातात. इतक्या तुलना केल्यावर निव्वळ योगायोगानेही फरक दिसतातच. म्हणून निकष कडक ठेवला जातो : असा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता दहा कोटींत पाचपेक्षा कमी असेल, तरच त्याची दखल घ्यायची.

आतापर्यंत काय सापडले?

सापडलेल्या जनुकांपैकी अनेक रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित आहेत. पेशीच्या आत शिरलेल्या शत्रूचे तुकडे पृष्ठभागावर आणून प्रतिकारशक्तीला ‘हे बघ’ म्हणून दाखवण्याचे काम एचएलए गटातील प्रथिने करतात. जपानी संशोधकांना २००९ मध्ये आढळले, की एचएलए-डीपी जनुकांतील फरकांवर हिपॅटायटिस ‘बी’ शरीरात टिकून राहील की नाही, हे काही प्रमाणात अवलंबून असते. २०१३ मध्ये चीनमधील अभ्यासात एचएलए-डीक्यू आणि स्टॅट४ या जनुकांतील फरकांचा संबंध थेट यकृताच्या कर्करोगाशी जोडला गेला. स्टॅट४ प्रतिकारपेशींमध्ये निरोप पोहोचवण्याचे काम करते.

हिपॅटायटिस ‘सी’बाबतही जपानमध्ये २०११ मध्ये दोन जनुके पुढे आली : एमआयसीए आणि डीईपीडीसी५. त्यांपैकी एमआयसीएचे काम समजायला सोपे आहे. ताणाखाली आलेली पेशी हे प्रथिन स्वतःच्या पृष्ठभागावर दाखवते आणि ते पाहून मारक पेशी तिला नष्ट करतात. हा इशारा कमी पडला तर बिघडलेली पेशी सुटून जाऊ शकते. २०१७ मध्ये जपानमध्येच टीएलएल१ हे जनुक सापडले. उपचारांनी ‘सी’चा विषाणू पूर्ण गेल्यानंतरही काही रुग्णांना कर्करोग का होतो, याच्याशी त्याचा संबंध दिसला.

या बहुतेक फरकांमुळे धोका साधारण सव्वा ते पावणेदोन पट होतो. विषाणूमुळे होणाऱ्या २२३ पट वाढीशी याची तुलना केली, तर एकेका जनुकाची ताकद किती मर्यादित आहे हे कळते.

चरबीचा यात काय संबंध?

पीएनपीएलए३ हे जनुक यकृताच्या पेशींतील चरबीच्या विल्हेवाटीशी निगडित आहे. त्यातील प्रथिनात १४८ व्या स्थानावर एक अमिनो आम्ल बदलले, की चरबी यकृतातच साठून राहते, हे २००८ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथील अभ्यासातून पुढे आले. हा बदल असलेल्यांना मद्यपानामुळे किंवा फॅटी लिव्हरमुळे होणाऱ्या सिरॉसिसचा आणि कर्करोगाचा धोका जास्त असतो. हिपॅटायटिस ‘सी’मध्ये त्याचा परिणाम त्यापेक्षा कमी दिसतो.

सामान्य रुग्णासाठी यातून निघणारा अर्थ सरळ आहे. विषाणू असलेल्या यकृतावर चरबी, मधुमेह आणि दारू यांचे आणखी ओझे टाकू नये. आपले पीएनपीएलए३ कोणते आहे, हे माहीत नसले तरी हा सल्ला बदलत नाही.

जन्मतः मिळालेले आणि नंतर झालेले बदल वेगळे कसे?

‘जनुकीय’ हा शब्द ऐकला की तो आजार आनुवंशिक असणार, असा समज होतो. तो चुकीचा आहे. आतापर्यंत सांगितलेले फरक आई-वडिलांकडून आलेले आणि शरीरातील प्रत्येक पेशीत असतात. कर्करोग मात्र यकृताच्या एखाद्या पेशीत आयुष्यात पुढे कधीतरी झालेल्या बिघाडांतून सुरू होतो. हे बिघाड मुलांकडे जात नाहीत.

हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू इथे थेट हात घालतो. त्याच्या डीएनएचे तुकडे यकृताच्या पेशीच्या डीएनएमध्ये घुसून बसतात. पेशीला न थांबता विभागण्याची मुभा देणाऱ्या टर्ट या जनुकाजवळ ते घुसले, तर धोका विशेष वाढतो. म्हणूनच ‘बी’च्या काही रुग्णांना सिरॉसिस न होताही कर्करोग होतो. ‘सी’चा विषाणू आरएनए प्रकारचा आहे. तो असा घुसत नाही. त्याचा मार्ग प्रामुख्याने सिरॉसिसमधून जातो.

दुसरे उदाहरण बुरशीचे आहे. दमट जागी साठवलेल्या शेंगदाण्यांवर, मक्यावर वाढणाऱ्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. पेशीचा पहारेकरी मानल्या जाणाऱ्या टीपी५३ या जनुकात ते एका ठरावीक ठिकाणी, २४९ व्या स्थानावर, बिघाड करते. ही खूण चीन आणि आफ्रिकेतील काही भागांतील रुग्णांच्या गाठींमध्ये वारंवार आढळली. शांघायमधील १९९४ च्या अभ्यासात केवळ अफ्लाटॉक्सिनमुळे धोका ३.४ पट, केवळ विषाणूमुळे ७.३ पट, तर दोन्ही मिळून ५९ पट आढळला. या विषाचा निचरा करणारी यकृतातील विकरे काहींमध्ये जन्मतःच कमी कार्यक्षम असतात. म्हणजे इथे अन्न, विषाणू आणि आनुवंशिक जनुके तिन्ही एकत्र येतात. काळे पडलेले, खवट शेंगदाणे निवडून टाकण्याची घरातली सवय त्या दृष्टीने योग्यच आहे.

मग जनुकीय चाचणी करून घ्यावी का?

हिपॅटायटिसच्या रुग्णाने कर्करोगाचा धोका जाणून घेण्यासाठी आज तरी त्याची गरज नाही. पहिले कारण वर आले आहे : एकेका फरकाचा परिणाम लहान आहे. दुसरे कारण म्हणजे एका लोकसमूहातील निष्कर्ष दुसऱ्याला लागू पडतीलच असे नाही. २०१० मध्ये चीनमधील मोठ्या अभ्यासात केआयएफ१बी या जनुकातील फरक हिपॅटायटिस ‘बी’मुळे होणाऱ्या कर्करोगाशी जोडला गेला होता. पण दोनच वर्षांनी जपान आणि कोरियातील रुग्णांमध्ये तो संबंध आढळला नाही. शेजारच्या देशांत ही स्थिती, तर भारताबाबत अंदाज बांधणे आणखी कठीण आहे. पूर्व आशियात ‘बी’ विषाणूचे प्रामुख्याने ‘बी’ आणि ‘सी’ जनुकप्रकार आढळतात, तर भारतात ‘ए’ आणि ‘डी’. म्हणजे इथे माणसांची जनुकेही वेगळी आणि विषाणूचीही.

सुमारे दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातून जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. भारतीय रुग्णांवरील अभ्यासांना त्याचा आधार मिळेल. तोवर ‘लिव्हर कॅन्सरचा धोका सांगतो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चाचणीच्या गुणांवरून औषध थांबवणे किंवा तपासण्या टाळणे धोक्याचे आहे.

कोणी काय तपासावे?

कोणतेही एकेक जनुक अजून नेहमीच्या उपचारांचा भाग झाले नसले, तरी घरचा इतिहास झाला आहे. अमेरिकेतील यकृततज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हिपॅटायटिस ‘बी’ असलेल्या व्यक्तीचे आई, वडील, सख्खे भाऊ-बहीण किंवा अपत्य यांपैकी कोणाला यकृताचा कर्करोग झाला असेल, तर तिने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. सोबत एएफपी ही रक्तचाचणी करता येते. सिरॉसिस असलेले रुग्ण, तसेच संसर्ग असलेले चाळिशीपुढील आशियाई पुरुष आणि पन्नाशीपुढील आशियाई स्त्रिया यांनाही हाच सल्ला आहे. शांघायमध्ये सुमारे १८ हजार ८०० जणांवर झालेल्या चाचणीत सहामाही तपासणी केलेल्या गटात यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले होते.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना आजोबा, वडील, काका-मामा, भाऊ कशाने गेले, हे नीट विचारून जावे. ‘लिव्हर खराब झाले होते’, ‘पोटात पाणी झाले होते’ अशा आठवणींमागे कर्करोग किंवा सिरॉसिस असू शकतो. दारू न पिणाऱ्या माणसाचे यकृत बिघडले होते का, हेही विचारावे. अनेक घरांत संसर्गाची गोष्ट लग्ने मोडतील, नोकरीत अडचण येईल या भीतीने लपवली जाते. त्यामुळे पुढच्या पिढीला मिळू शकणारी सर्वांत स्वस्त माहितीच मिळत नाही.

घरात एकाला ‘बी’ निघाला, तर बाकी सर्वांनी एचबीएसएजी ही रक्तचाचणी करावी. ज्यांना संसर्ग नाही आणि प्रतिकारशक्तीही नाही, त्यांनी सहा महिन्यांत तीन डोस अशी लस घ्यावी. ज्यांना संसर्ग आहे, त्यांना टेनोफोविर किंवा एन्टेकॅविरसारख्या औषधांची गरज आहे का, ते डॉक्टर विषाणूचे प्रमाण आणि यकृताची स्थिती पाहून ठरवतात. या औषधांनी कर्करोगाचा धोका कमी होतो, पण शून्य होत नाही. त्यामुळे औषध सुरू असतानाही सोनोग्राफी चुकवू नये. ‘सी’चा विषाणू गोळ्यांच्या साधारण १२ आठवड्यांच्या उपचाराने ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत पूर्ण जातो. मात्र सिरॉसिस आधीच झाला असेल, तर त्यांनीही तपासण्या सुरू ठेवाव्यात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ‘बी’ आणि ‘सी’चे निदान व उपचार ठरावीक सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात.

लशीने काय बदलले?

तैवानने जुलै १९८४ मध्ये संसर्ग असलेल्या मातांच्या नवजात बाळांना आणि १९८६ पासून सर्वच बाळांना हिपॅटायटिस ‘बी’ची लस द्यायला सुरुवात केली. डॉ. मेई-ह्वेई चांग आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याचे परिणाम मांडले. ६ ते १४ वर्षे वयोगटात यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण १९८१ ते १९८६ या काळात दर लाख मुलांमागे ०.७० होते. १९९० ते १९९४ या काळात ते ०.३६ वर, म्हणजे जवळपास निम्म्यावर आले. एवढ्या काळात त्या समाजाची जनुके बदललेली नव्हती. बाळांपर्यंत पोहोचणारा विषाणू कमी झाला होता.

भारतात ही लस जन्मानंतर २४ तासांच्या आत आणि नंतर ६, १० व १४ आठवड्यांना पंचगुणी लशीतून मोफत दिली जाते. आईला संसर्ग असेल, तर बाळाला जन्मतःच इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही लागते. त्यासाठी गरोदरपणातच एचबीएसएजी तपासणी झालेली असणे आवश्यक आहे. ज्या घरात यकृताच्या कर्करोगाचा इतिहास आहे, तिथे प्रसूतीच्या आधी हा एक कागद फाइलमध्ये आहे ना, एवढे पाहावे. नसेल तर डॉक्टरांकडे तपासणी मागून घ्यावी आणि पहिला डोस २४ तासांच्या आत दिला गेला का, याची प्रसूतीनंतर खात्री करावी.